बोटभर साय

"हे दूध कुठलं गं?" दादाने विचारलं.

रक्ततपासणीच्या त्या छोट्या खोलीत त्याची धाकटी बहीण काचनळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. तिने मान वर केली. नको म्हणण्याआधीच त्याने खिडकीजवळच्या स्टँडमधली एक नळी उचलली होती.

दादाची दूध डेअरी होती. प्रत्येक गोठ्यातलं थोडं दूध उंच ग्लासात ओतायचं, रात्रभर गारव्यात उभं ठेवायचं आणि सकाळी खिडकीच्या उजेडात धरून वर आलेल्या सायीची जाडी काचेवर आडवं बोट लावून मोजायची, ही वडिलांनी लावलेली शिस्त. यंत्र आलं तरी दादाचा विश्वास बोटावरच. साय कमी दिसली की तो हळूच म्हणायचा, "पाणी घातलंय कुणीतरी." तेवढ्याने समोरचा माणूस नजर चुकवायचा. आयुष्यभर त्याने पातळपणाएवढा तिरस्कार दुसऱ्या कशाचा केला नव्हता.

आत्ताही त्याने सवयीने नळी उजेडात धरली, बोट लावलं.

"बोटभर साय, आणि एवढ्याशा नळीत. जनावर झकास पोसलंय. कुणाचं आहे?"

"तुझं."

"माझ्याकडचं? कुठल्या गोठ्यातलं?"

"गोठ्यातलं नाही, दादा. तुझं रक्त आहे. काल पोट दुखतं म्हणून आलास तेव्हा काढलेलं."

तो हसला. "रक्त लाल असतं, छोटे. शाळेत मी बाकावर उभा असायचो, पण एवढं कानावर पडलंय."

"लाल असतं ते खाली बसवलं. वरचं पाणी वेगळं काढून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं, आत्ताच बाहेर काढलंय." तिने शेजारची नळी त्याच्या डोळ्यांसमोर धरली. फिकट पिवळ्या पाण्यातून खिडकीचे गज दिसत होते. "असं दिसायला हवं. आता तुझ्यातून बघ."

दादाने बघितलं. गज दिसेनात. नुसतं पांढरं. नळी हातात गार लागत होती, तरी आतलं आपलंच आहे म्हटल्यावर ती कोमट झाल्यासारखी वाटली. त्याने ती घाईने परत ठेवली.

"परवा मटण जरा जास्त झालं होतं," तो म्हणाला.

"जेवल्यावर सगळ्यांचंच रक्त थोडं गढूळ होतं, मग निवळतं. तू रात्रभर उपाशी होतास. उपाशीपोटी साय, दादा. काही घराण्यांत रक्तातली चरबी लवकर हलतच नाही. आणि तुझं रोज मटण, हाडाच्या नळीतला मगज, साय, लोणी, वर गोडधोड."

"घराण्यात म्हणजे?"

तिने हातातली चिठ्ठी खाली ठेवली. फ्रिज घुरघुरत राहिला.

"बाबांचा अंगठा कापला होता, आठवतं? जेवताना, हाड तोडता तोडता. ताटात थेंब पडले."

दादाला आठवलं. पांढरं ताट, आणि त्यावर लाल नव्हे, गुलाबीसर, दाट थेंब. रंगात दूध मिसळावं तसे. बाबांनी अंगठा तोंडात घातला होता आणि म्हणाले होते, "आपलं रक्तच लोण्याचं." सगळे पोट धरून हसले होते. तसंच पोट धरून, पण कळवळत, बाबा एका दुपारी जेवणावरून उठले, भिंतीला टेकले, आणि दोन दिवसांत गेले.

"आपण हसलो होतो," दादा म्हणाला.

"तेव्हा कुणाला काय कळत होतं? आता कळतंय, रक्तात एवढी चरबी झाली की स्वादुपिंड सुजतं, म्हणून पोट दुखतं. औषध आहे. खाणं बदललंस तर हे उतरतं. डॉक्टरांना मी सांगून ठेवलंय, इथूनच त्यांच्याकडे जा."

दादा निघाला नाही. तो स्वतःच्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघत होता. रोज सकाळी माप झालं की त्याच बोटावर साय घेऊन तो बारकीच्या तोंडाशी धरायचा. बारकी ही त्याची एकुलती एक मुलगी. डोळे मिटून ती साय चाटायची. बाबांनीही त्याला असंच चाटवलं होतं.

"छोटे," तो म्हणाला, "पोरीचं बघशील?"

दुसऱ्या दिवशी बारकी उपाशीपोटी आली. सुई टोचताना रडली नाही.

"आत्या, माझ्या रक्तावर पण साय येणार?"

"कुणी सांगितलं तुला?"

"बाबा झोपेत म्हणत होते."

आत्याने कापसाचा बोळा दाबून धरला. "घट्ट धर. आणि शाळेला उशीर झाला असं बाईंना सांग, सायीचं सांगू नकोस. हसतील."

त्याच्या पुढच्या सकाळी छोटी कुलूप काढायला आली तेव्हा दादा पायरीवर बसला होता. डेअरी कुणावर तरी सोपवून आला होता. तिथल्या खिडकीत सायीला बोट लावायला आज तो नव्हता.

तिने फ्रिज उघडून बारकीची नळी काढली, पण स्वतः बघितली नाही. तशीच त्याच्या हातात दिली. "तूच बघ. तुझा हात बसलाय."

त्याने नळी खिडकीशी नेली. सवयीने काचेवर आडवं बोट लावलं आणि डोळा जवळ नेला. छोटी त्याच्या पाठीकडे बघत उभी राहिली.

नळीतून गज दिसत होते. सगळे, अगदी वरपर्यंत.

"पाणी घातलंय कुणीतरी," तो हळूच म्हणाला, आणि दुसरीकडे तोंड करून त्याने डोळे पुसले.

मागे फ्रिजचं दार उघडंच राहिलं होतं. आतल्या पिवळ्या दिव्याखाली त्याची स्वतःची नळी उभी होती, पांढरी. तिच्यावरची साय काठाशी काचेला चिकटून सुरकुतली होती. छोटीने पुढे होऊन दार लावलं.