वैजापूरकर विश्व

डॉ. श्रीनिवास वैजापूरकरांच्या निवृत्तीचा सत्कार गारखेड्यातल्या एका सभागृहात होता, आणि सत्कारमूर्ती स्टेजमागच्या खोलीत घाम पुसत बसले होते. बाहेर बॅनरवर त्यांचा फोटो, फोटोमागं आकाशगंगा आणि खाली ठळक अक्षरांत ‘वैजापूरकर विश्वाचे जनक’. जनक म्हणे! त्या बॅनरखालून आत येताना त्यांनी मान वर केली नव्हती.

तरुणपणी पुंडलिकनगरातल्या दोन खोल्यांत बसून त्यांनी गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांचं एक नवं उत्तर काढलं होतं. प्रसरण पावता पावता फिरणारं विश्व! पुढची पद्धत ठरलेली. सरांनी विश्व काढायचं, मग एका विद्यार्थ्यानं त्यात विद्युतभार घालायचा, दुसऱ्यानं चिकट द्रव, तिसऱ्यानं आणखी काही, आणि ज्याला त्याला एकेक पीएचडी. एका विश्वावर कितीतरी जणांचे संसार उभे राहिले.

काही वर्षांपूर्वी, वर्गात शिकवायला सोपं जावं म्हणून, सरांनी त्या विश्वाचे निर्देशक बदलून पाहिले. निर्देशक म्हणजे जागा आणि काळ मोजायला आपण मारलेल्या रेघा. रेघा बदलल्या आणि फिरणंच गायब झालं! समोर उरलं ते फार पूर्वी कुणीतरी काढून ठेवलेलं, साधं, न फिरणारं विश्व. चक्रीत बसलेल्याला जत्रा फिरताना दिसते, तशातली गत. फिरत होत्या त्या सरांच्या रेघा.

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. सांगावं, तर पोरांच्या पदव्यांकडं लोक बोट दाखवणार. न सांगावं, तर दरवर्षी नवं कुणीतरी त्याच खड्ड्यात उतरणार. घरी यमुनाबाई म्हणायच्या, “जेवण अंगी लागत नाही हो तुमच्या.” सर मान हलवायचे आणि भाताकडं बघत बसायचे.

आज मात्र प्रश्न प्रेरणाचा होता. देवगाव रंगारीच्या आप्पासाहेबांची ही मुलगी बँकेतली नोकरी सोडून आली होती आणि उद्या याच विश्वावर संशोधनाचा विषय नोंदवणार होती. तिला अडवायचं तर आजच अडवायला हवं होतं.

सरांनी दार लोटलं आणि सोबत थांबलेल्या ऋतुराजला सगळं सांगून टाकलं. ऋतुराज त्यांचा पहिला विद्यार्थी, आता स्वतःच गाइड झालेला. ऋतुराज चष्मा पुसत राहिला.

“सर, मला माहीत हाय.”

“कधीपासून?”

“नोकरीला लागलो त्याच्या पुढच्याच वर्षापासून. माझ्यामागून पीएचडी केलेल्या दीपमालालाबी माहीत हाय, सोमनाथलाबी. ज्यानं त्यानं आपापलं करून बघितलंय.”

“आणि एकानंही तोंड उघडलं नाही?”

“तुमच्या तोंडावर कसं बोलावं, सर? तुम्हाला लई लागलं असतं. आन् आता माझ्या हाताखाली पोरं हायेत, याच विषयावर. नका बोलू. प्रेरणा हुशार हाय, तिचं तिला कळंल. कळल्यावर तीबी सांभाळून घेईल.”

सरांना आधी राग आला, मग लाज वाटली आणि मग नुसती भीती. इतकी वर्षं आपण पोरांना सांभाळतोय अशा समजुतीत ते होते, आणि पोरं त्यांच्याही आधीपासून त्यांना सांभाळत होती. या आदरातून बाहेर पडायला कुणालाच वाट नव्हती.

तेवढ्यात नाव पुकारलं गेलं. टाळ्या झाल्या, फेटा बांधून झाला. शाल घेऊन प्रेरणा पुढं आली, तिच्यामागं आप्पासाहेब हात जोडून उभे. ती पायाशी वाकली आणि उठता उठता हळूच म्हणाली, “सर, उद्या नोंदवते विषय.”

“नोंदवू नकोस.”

तिचा चेहरा खर्रकन उतरला. “मी कमी पडते का, सर?”

“साहेब,” आप्पासाहेब घाबरून पुढं आले, “पोरीचं काय चुकलं आसंल तर पदरात घ्या.”

ऋतुराजनं मागून सरांची बाही धरली. “सर, नका.”

सरांनी बाही सोडवून घेतली आणि माइक ओढला. “पोरगी कमी पडत नाही, आप्पासाहेब. माझं विश्व फिरत नाही. ते माझं नाहीच, जुनंच आहे. पहिल्या रांगेतल्या माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना हे ठाऊक आहे. हिला तेवढं सांगायचं राहिलं होतं.”

विनयानं बोलतायत असं वाटून कुणीतरी टाळी वाजवली, पण ती एकटीच पडली. पहिल्या रांगेतल्या माना खाली गेल्या. मागं बसलेली ऋतुराजची पोरं स्टेजवर उभ्या असलेल्या ऋतुराजकडं बघायला लागली, आणि त्याला कुठं बघावं ते कळेना.

प्रेरणा शाल हातात धरून तशीच उभी होती. डोळ्यांत आलेलं पाणी तिनं पुसलं नाही. कपाळाला मात्र आठी पडली होती. तिनं शाल खुर्चीवर ठेवली.

“मग समीकरणातलं ते फिरण्याचं पद गेलं कुठं, सर?” तिनं विचारलं. “मला करून दाखवा.”