मठातली लंगडी गाय

फेर्नां जाकोच्या गोठ्यातल्या चौतीस गाई ट्रकमधून गेल्या, त्याला आठवडा झाला होता. त्याचे गुडघेच साथ देईनात, विकण्यावाचून इलाज नव्हता. तरी म्हातारा रोज पहाटे उठायचा, बूट चढवायचा, रिकाम्या गोठ्यात फेऱ्या मारून यायचा आणि दिवसभर कुणाशी धड बोलायचा नाही. रविवारी जेवता जेवता त्याने सूपचा चमचा खाली ठेवला आणि आपल्या मुलीला, नोएलला म्हणाला, "उद्या मला मठात ने."

नोएल चाट पडली. तिचा भाऊ रेमी एकोणीस वर्षांपूर्वी त्या मठात गेला, तेव्हापासून बाबांनी त्याचं नाव टाकलं होतं. ज्याच्यासाठी गुरं वाढवली तोच पोरगा प्रार्थना करायला घर सोडून जातो, हे त्यांच्या गळी उतरलंच नाही. आईच्या दफनाला रेमी आला, तेव्हाही त्यांनी पाठ फिरवली. त्याची नाताळची पत्रं नोएलच वाचायची. तीन वर्षांमागच्या पत्रात त्याने कळवलं होतं, की गोठा सांभाळणारे म्हातारे ब्रदर वारले, आता मठाच्या गाई माझ्याकडे आहेत. ते पत्र तिने कपाटात कपड्यांखाली दडपलं होतं. बापाच्या घरचं जे काम झिडकारलं तेच पोरगा तिथे करतोय, हे बाबांना कुठल्या तोंडाने सांगायचं?

सोमवारी गाडी चालवताना दोनदा ते तिच्या ओठांवर आलं आणि दोनदा तिने गिळलं.

मठाच्या फाटकाशी गाडी थांबली. लिंडनच्या झाडांमागे आठशे वर्षांच्या भिंती दिसत होत्या. बाबांनी काच खाली केली, वर केली.

"बघितला मठ. चल घरी."

"बाबा, दीड तास गाडी चालवलीय मी."

"मग तू जा. भाऊ तुझा आहे."

ती एकटीच आत गेली. पाहुण्यांची व्यवस्था बघणाऱ्या ब्रदरांनी हळू आवाजात सांगितलं, की प्रार्थना चालू आहे, पाऊण तास तरी थांबावं लागेल. लोक इथे शांततेसाठी लांबून येतात. नोएलला ती शांतता अंगावर येत होती. ती बाकावर बसली, उठली, कमानींच्या ओवरीतून एक चक्कर मारली. तिच्या टाचांचा आवाज एवढा घुमला, की प्रार्थनेचं पुस्तक वाचत बसलेल्या बाईंनी मान वर केली. फोनला रेंज नव्हती. ती शाळेची बस चालवायची, चार वाजता बस काढायची होती, आणि बाबा गाडीत काय करत असतील या विचाराने तिला एका जागी बसवत नव्हतं. ती फाटकापर्यंत गेली. बाबा आपले समोर बघत बसले होते. परत आली. पुन्हा गेली. तिसऱ्या खेपेला गाडीचं दार सताड उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून गाईचं हंबरणं ऐकू आलं, लांब, ओढलेलं. बाबा कुठे गेले ते तिला कळलं. ती धावतच निघाली.

गोठ्याच्या दारात ती थबकली. काठीवर रेलून बाबा उभे होते. समोर एक तांबडी-पांढरी गाय एक मागचा पाय उचलून धरून होती, आणि झगा कमरेला खोचून कुणीतरी तिच्या पायाशी बसलं होतं. प्रार्थनेला न गेलेला रेमी. त्याचे केस पिकले होते.

"कधीपासून लंगडतेय?" बाबांनी विचारलं.

"चार दिवस झाले," रेमी वळून न बघता म्हणाला, आणि मग वळला. त्याच्या हातातली पट्टी खाली पडली.

"डॉक्टर काय म्हणाला?"

"पू काढला. आता वाट बघा म्हणाले."

"वाट बघून काय होणार? खुराच्या चांगल्या नखीखाली लाकडाची चकती चिकटव. भार तिकडे जाईल, दुखरी बाजू सुटेल." मग त्यांनी गोठा न्याहाळला, गव्हाणी, स्वच्छ पेंढा, सतरा गाई. "म्हणजे गाईच राखायच्या होत्या. मग घरी काय वाईट होतं?"

"घरी काही वाईट नव्हतं, बाबा. मी इथे गाईंसाठी आलो नव्हतो. त्या मागाहून वाट्याला आल्या."

बाबांनी नोएलकडे बघितलं. "तुला ठाऊक होतं?"

"तीन वर्षं."

"आणि बोलली नाहीस."

"तुम्ही ऐकून घेतलं असतंत?"

बाबांनी कोट काढून खुंटीला अडकवला आणि करवत मागितली. पालथ्या बादलीवर बसून त्यांनी बीच झाडाच्या फळीतून चकती कापली. चकती गोल उतरली. रेमी ती खुराला लावणार, तोच पुढच्या प्रार्थनेची घंटा वाजली. तो बापाकडे बघत राहिला.

"जा, बोलावतायत तुला."

"मघाशीही मी गेलो नव्हतो, बाबा. ही गाय…"

"गाय मी बघतो. जा म्हटलं ना."

रेमी झगा सोडत निघाला. नोएलने घड्याळ बघितलं. बस आता दुसऱ्या कुणाला तरी काढावी लागणार होती. फोन करायला आत जावं म्हणून ती वळली, तर बाबांनी हाक मारली.

"कुठे निघालीस? इकडे ये, पाय धर. घट्ट."

संध्याकाळचं दूध काढून होईपर्यंत ते निघाले नाहीत. चर्चमध्ये बाबा गेलेच नाहीत, रेमीनेही चला म्हटलं नाही. परतीच्या वाटेवर बाबा खिडकीबाहेर बघत होते. गाव जवळ आलं तेव्हा एवढंच म्हणाले, की गुरुवारी चकती बसलीय का ते बघायला हवं, सकाळी लवकर निघू.