डेटनच्या डाव्या बाजूचा माणूस

माझ्या नवऱ्याने दहा वर्षं अमेरिकन फुटबॉल खेळला आणि त्या दहा वर्षांत चेंडूला एकदाही हात लावला नाही. हे मी जिथे जिथे सांगितलं तिथे तिथे लोक हसले. हसू देत. आता माझं वय झालं आहे, नवऱ्याचं नाव घ्यायला कोणाची चोरी नाही, तेव्हा सरळच सांगते. जाफर कुवेतमधल्या वफ्र्याच्या तेल कॅम्पच्या टीममध्ये डाव्या बाजूचा गडी होता आणि तसा गडी त्या वाळवंटात दुसरा झाला नाही.

तो मूळचा दाभोळचा, मचव्यावरचा खलाशी. पावसाआधी मचवे वाळूवर ओढून घेतात तेव्हा दोर ओढणारे पुढे असतात आणि सगळ्यांचं लक्ष त्यांच्याकडे असतं. पण मचव्याच्या दोन्ही कुशींना खांदा लावून एकेक माणूस उभा असतो. मचवा कलंडू लागला की त्याने तो अंगावर घ्यायचा. दोर कुठवर आला हे मान वळवून बघायचं नाही. आणि मचव्याचा म्होरक्या, तांडेल, ‘आरिया’ म्हणाला, म्हणजे सैल सोडा म्हणाला, की मगच खांदा काढायचा. आधी काढला तर मचवा दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर जातो. जाफर मिसरूड फुटल्यापासून कुशीचा माणूस. उंचीने बेताचाच, पण रुंदीला असा की घराच्या दारातून जरा तिरपाच यायचा.

चोपन्न साली तो कुवेतला आला आणि वफ्र्याला अमेरिकन तेल कंपनीच्या कॅम्पवर जड सामान हलवणाऱ्या टोळीत लागला. एकदा ट्रकवरून पंप उतरवताना साखळी सरकली आणि पंप कलंडला. बाकीचे बाजूला झाले. जाफरने खाली बसून खांदा लावला आणि क्रेन येईपर्यंत तसाच राहिला. हे बघणारा डेटन नावाचा अमेरिकन ड्रिलर होता. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात त्यांच्या टर्कीच्या सणाला वफ्र्याचा आणि शुऐब्याकडच्या बंदर कॅम्पचा फुटबॉलचा सामना ठरला. वफ्र्याला अकरावा माणूस मिळेना. डेटनने जाफरला बोलावलं.

त्या खेळात चेंडू गोल नसतो, असोल्या नारळासारखा लांबट असतो. डेटन तो चेंडू हातात घेऊन मागे सरकायचा आणि लांब फेकायचा. समोरचे धिप्पाड लोक त्याला आडवा पाडायला धावून यायचे. त्यांना अडवायला डेटनच्या पुढे पाच जण ओणवे उभे राहत. धरायचं नाही, ओढायचं नाही, नुसतं अंगाने थोपवायचं. फेकताना डेटनची पाठ डावीकडे व्हायची, म्हणजे डावीकडून येणारा त्याला दिसायचाच नाही. त्या डाव्या बाजूला जाफरला उभं केलं.

पहिल्या सामन्यात त्याने काय केलं ते मेसमधले आपले लोक वर्षानुवर्षं सांगत. शिट्टी झाली, सगळे थांबले, जाफर थांबला नाही. समोरच्या गड्याला रेटत रेटत तो मैदानाच्या बाहेर घेऊन गेला आणि सरबताचं टेबल त्या गड्यासकट उलथवलं. पंच ओरडत होता, पण पंच म्हणजे काही तांडेल नव्हे. शेवटी मेसमधल्या एकाने डेटनला जाऊन सांगितलं की साहेब, तुम्ही शिट्टी कितीही फुंका, ‘आरिया’ म्हटल्याशिवाय हा सोडणार नाही. तेव्हापासून प्रत्येक डाव संपला की तो सोनेरी केसांचा टेक्सासवाला दाभोळच्या तांडेलासारखा ‘आरिया’ ओरडायचा आणि जाफर खांदा काढून सरळ उभा राहायचा. बंदर कॅम्पवाल्यांना वाटायचं, ही काहीतरी गुप्त खूण आहे.

मी अठ्ठावन्न साली कुवेतला आले. किनाऱ्यावरच्या फाहाहील गावात दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. जाफर गुरुवारी संध्याकाळी कंपनीच्या बसने घरी यायचा. त्या वर्षी सामन्यानंतर आला तो खांदा निळा, करंगळी सुजलेली, आणि तोंडावर हसू. मी जे तोंड सोडलं ते शेजारच्या मल्याळी बाईलाही भाषा न समजता समजलं असणार. साहेबांच्या पोरखेळासाठी हाडं मोडून घ्यायची, हे कुठलं शहाणपण, असं मी विचारलं. तो म्हणाला, पुढच्या वर्षी ये आणि बघ.

गेले. बायकांच्या बाजूला लाकडी बाकावर बसले, बुरखा आवरून, कपाळाला आठ्या घालून. पहिली पाच मिनिटं काही कळेना. सगळ्या मडमांच्या माना चेंडूबरोबर एकदम इकडून तिकडे फिरत. मला चेंडूशी काय करायचं होतं? मी माझ्या माणसाकडे बघत बसले. तो ओणवा झाला, एक हात जमिनीवर टेकला, आणि अगदी गप्प झाला. त्याच्यासमोर बंदर कॅम्पचा हॉलिस होता, वेल्डर, जाफरपेक्षा दीड डोकं उंच. चेंडू सुटला आणि हॉलिस अंगावर आला. जाफर मागे हटला नाही की पुढे गेला नाही. त्याने ते सगळं वजन खांद्यावर घेतलं, कमरेत उतरवलं, पायात उतरवलं आणि वाळूला देऊन टाकलं. हॉलिस डावीकडे गेला तर हा डावीकडे, उजवीकडे गेला तर हा उजवीकडे. मागे डेटन निवांत उभा राहून चेंडू कुठे फेकावा याचा विचार करत होता.

चेंडू कुठे गेला हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि नंतरच्या वर्षांतही कधी कळलं नाही. पण माझा ऊर असा भरून आला की शेजारच्या मडमेने मला पाणी दिलं. अंगात ताकद पुष्कळांच्या असते. ती दुसऱ्याच्या पाठीमागे अशी रोज उभी करणं वेगळं. त्या दिवसापासून माझं तोंड बंद झालं. म्हणजे त्या बाबतीत. बाकीच्या बाबतींत चालूच होतं.

आता माझ्या भावाबद्दल सांगते. कासमभाई कुवेत शहरात, सूकमध्ये म्हणजे तिथल्या बाजारात, कापडाचा व्यापारी. आमच्या लोकांत त्याच्या शब्दाला वजन. लग्नकार्य असो की भांडण, कासमभाई काय म्हणतो याकडे सगळे बघत. आणि कासमभाईला जाफरचा खेळ कधी पटला नाही. मी कौतुक करू लागले की तो विचारायचा, पळतो का? नाही. चेंडू फेकतो? नाही. गोल करतो? नाही. मग चारचौघांत म्हणायचा, “शरीफा, तुझो नवरो खेळत नाय. साहेब खेळतत, नि तो त्यांची भिंत होऊन उभा ऱ्हवतो.” लोक हसायचे. जाफरही हसायचा, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. ईदेला सगळे जमले की हा विषय ठरलेला. लोक त्याला ‘भिंत’ म्हणू लागले. मुलं आम्हाला झाली नाहीत, तेव्हा बापाचं नाव सांगत फिरणारंही घरात कोणी नव्हतं. जाफरचं मोठेपण माझ्या लोकांनी एकदा मान्य करावं, एवढं एकच मला हवं होतं, आणि ते मी फार वर्षं धरून बसले होते.

चौसष्ट साली जाफरचा गुडघा बोलू लागला. ते त्याचं शेवटचं वर्ष, आणि डेटनचंही. त्याची बदली झाली होती. सामन्याच्या आदल्या आठवड्यात जाफर घरी आला आणि जेवताना, मीठ मागावं तसं सहज म्हणाला, की डेटनने ठरवलं आहे, या वेळी शेवटी संधी मिळाली तर चेंडू माझ्या हातात द्यायचा. गोलची रेषा दोन पावलांवर आली की मी मागे डेटनशेजारी उभं राहायचं, चेंडू छातीशी धरायचा आणि रेषेपलीकडे घुसायचं. दहा वर्षांची भेट म्हणून.

माझ्या हातातला घास तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळीच कासमभाईकडे निरोप धाडला: शुक्रवारी दुकान बंद ठेव आणि लोकांना घेऊन ये, जाफर गोल करणार आहे.

तो आला. जुम्म्याची नमाज आटपून दोन टॅक्स्या भरून लोक आणले. पांढरेशुभ्र कपडे, अत्तर, आणि कासमभाईच्या चेहऱ्यावर लग्नाला मुलाकडचे आल्यासारखा भाव.

सामना अटीतटीचा झाला. शेवटची काही मिनिटं उरली, दोन्ही बाजू बरोबरीत, आणि वफ्र्याची टीम रेषेपासून दोन पावलांवर पोचली. डेटनने हात वर करून जाफरला मागे बोलावलं. कॅम्पमधल्या सगळ्यांना ती गोष्ट ठाऊक होती, त्यामुळे टाळ्यांचा कडकडाट झाला. कासमभाई चक्क बाकावर उभा राहिला. जाफरच्या डाव्या जागेवर एक नवा इंजिनियर येऊन ओणवा झाला, अमेरिकेत कॉलेजात खेळलेला.

जाफर मागे आला. डेटनशेजारी उभा राहिला. त्याने एकदा त्या इंजिनियरच्या पायांकडे बघितलं, एकदा हॉलिसकडे. हॉलिस ओठ चाटत होता. मग जाफर चालत पुढे गेला, इंजिनियरच्या पाठीवर थोपटून त्याला बाजूला केलं आणि आपल्या जागेवर हात टेकला.

मी मनात त्याला काय काय म्हटलं ते सांगण्यासारखं नाही. अरे, एवढे लोक आलेत. एवढी वर्षं मी ऐकून घेतलंय. एकदा, एकदाच घे ना रे तो नारळ हातात. डेटनही काहीतरी ओरडला. जाफरने मान वळवली नाही.

चेंडू सुटला. डेटन मागे सरकला आणि चेंडू कोणाकडे फेकावा, असा मोकळा माणूस त्याला सापडेना. हॉलिस सगळ्या ताकदीनिशी आला. त्याच्या पाठून आणखी एक आला. जाफरचा दुखरा गुडघा वाळूपर्यंत वाकला आणि तिथून परत वर आला. दोघांना अंगावर घेऊन तो तसाच राहिला. कोणीतरी रेषेपलीकडे चेंडू झेलला असावा, कारण सगळं मैदान एकदम उठलं. “आरिया!” डेटनचा आवाज आला, आणि जाफर वाळूवर बसला.

लोकांनी डेटनला खांद्यावर घेतलं. चेंडू झेलणाऱ्याला खांद्यावर घेतलं. कासमभाई बाकावरून उतरला, फणकाऱ्याने वाळू तुडवत जाफरपाशी गेला. मी त्याच्या पाठोपाठ.

“दिला होता ना तुला? मग सोडलास कशाला?” त्याने विचारलं.

जाफर धापा टाकत होता. म्हणाला, “भाई, तो पोरगा टाचेवर उभा होता. हॉलिसनं त्याला एका दमात उडवला असता. डेटनची पाठ होती तिकडं. कुशीचा माणूस हलला की मचवा कोणावर जाईल, सांगता येत नाय.”

“नाव झाला दुसऱ्याचा.”

जाफर बुटाची नाडी सोडू लागला. कासमभाईने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत थट्टा असती तर मी भांडले असते, पण कीव होती. मला रडू आलं.

तेवढ्यात डेटनची बायको गर्दीतून वाट काढत आली. हातात नवऱ्याने अंगातून नुकताच काढलेला पांढरा शर्ट. मोडक्यातोडक्या हिंदीत ती मला म्हणाली की हा तुझ्यासाठी. दहा वर्षं हे शर्ट मीच धुते आहे. पुढून घाण होतात. पाठ बघ.

शर्ट मी घ्यायच्या आधी कासमभाईने घेतला. कापड समोर आलं की त्याचे हात राहत नाहीत. वफ्र्याचं मैदान म्हणजे वाळूवर कच्चं तेल ओतून रोलर फिरवलेलं. जो त्यावर पडला, किंवा तेलाने माखलेला गडी ज्याला पाठून धडकला, त्याच्या कपड्याला काळा डाग लागतो आणि तो जन्मात निघत नाही. कासमभाईने शर्ट उलटा केला, उजेडाकडे धरला, शिवणीवरून अंगठा फिरवला. पाठीवर घाम होता. तेवढंच. मग त्याने खाली बसलेल्या जाफरकडे बघितलं. जाफरच्या शर्टाचा मूळ रंग कोणता, हे कापडाच्या व्यापाऱ्यालाही सांगता आलं नसतं.

 कासमभाईने वळून टॅक्स्यांतून आणलेल्या मंडळींना हाक मारली. सगळे जमले. त्याने तो शर्ट दोन्ही हातांनी सूकमध्ये तागा दाखवावा तसा ताणून धरला.

“ह्या पाठीवर काय दिसता?” त्याने विचारलं.

लोक एकमेकांकडे बघू लागले. कोणीतरी म्हणालं, “काय नाय दिसत, भाई.”

“नीट बघा. ता जाफरनं केलेला हाय.”

 आमच्यातली ती मोठमोठी माणसं एकेक करून पुढे आली आणि त्या कोऱ्या पाठीवरून हात फिरवून, खाली बसलेल्या माझ्या नवऱ्याला सलाम करून मागे सरली.