उजेड लागलेले बटाटे

तिने नखाने साल खरवडली आणि बटाटा तसाच मुठीत धरून ती कोठीतून बाहेर उजेडात आली. सालीखाली चांगलं गडद हिरवं होतं. ती पुन्हा आत गेली. दुसरा उचलून पाहिला, तिसरा पाहिला. ढिगाचा वरचा सगळा थर तसाच.

मग तिचं लक्ष खिडकीकडे गेलं.

"अहो, इथलं गोणपाट कुठं गेलं?"

"स्कूटरवर घातलंय," अंगणातून नवरा म्हणाला. "झाले की तीन आठवडे. आज दिसलं होय तुला?"

आजच दिसलं. डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला. आणि आठ दिवसांपूर्वी, संध्याकाळच्या अंधुक उजेडात, तिने याच ढिगाच्या वरचे मोठे मोठे बटाटे निवडून पिशवी भरली होती. लेकीसाठी. जावई येऊन घेऊन गेला होता. लेकीला सातवा महिना.

लहानपणी शेजारच्या काकूंनी असेच हिरवे बटाटे उकडून खाल्ले होते. घरचा माल टाकायचा कसा, म्हणून. दोन दिवस त्या ओकत होत्या. त्याही तेव्हा गरोदर होत्या. पुढचं मोठ्यांनी मुलांसमोर कधी काढलं नाही. पण भिंतीपलीकडून येणारं ते कण्हणं साठ वर्षांत तिच्या कानांतून गेलं नव्हतं.

फोन वाजत राहिला. लेकीने उचलला नाही. जावयाचा बंद.

"कामात असेल," नवरा म्हणाला. "राईचा पर्वत करू नकोस."

"स्कूटरला ऊन लागू नये म्हणून माझ्या बटाट्यांना लावलंत!"

एरवी त्याने शब्दाला शब्द वाढवला असता. आता तो अंगणातून तिच्याजवळ आला आणि तिच्या हातातल्या फोनकडे बघू लागला.

चौथ्यांदा फोन लागला.

"आई, आंघोळीला गेले होते गं. काय झालं?"

"बरी आहेस ना? मी दिलेले बटाटे खाल्लेस का?"

"हो तर! कालच संपले. इतके छान होते ना!"



"ऐक. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जा. ते हिरवे होते, विषारी. मला आंधळीला दिसलं नाही गं. बाळाला काही..." तिला रडू फुटलं.



"आई, रडू नकोस. मी नाही खाल्ले."

"माझी समजूत घालू नकोस!"

"तुझी शपथ. पिशवी गॅलरीत आहे, उघडलीसुद्धा नाही. निवडायला, सोलायला वेळ कुठं असतो इथं? तुला वाईट वाटेल म्हणून मी दर वेळी..." लेक मध्येच थांबली.

"बरं झालं गं बाई," ती म्हणाली. "फार बरं झालं. टाकून दे सगळे."

तिने पदराने तोंड पुसलं. नवऱ्याने नुसती मान उडवून विचारलं.

"पिशवी उघडलीच नाही अजून."

त्याने मोठा सुस्कारा सोडला. मग हळूच म्हणाला, "ढिगाखालचे चांगले असतील. ते निवडून पाठवू. पोर वाट बघत असेल."

ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. नखांत वाफ्यातली माती होती.

"पाठवू की," ती म्हणाली. "जीव आहे तिचा आपल्या बटाट्यांवर."