ताईच्या गळ्याचा रिपोर्ट

ताई गाणं शिकवायची आणि तिच्या क्लासचा फोनवरचा सगळा व्याप धाकटी सांभाळायची. वेळा, सुट्ट्या, कुणाच्या मुलाला पहिल्या ओळीत का बसवलं नाही याची भांडणं, सगळं तिच्याकडे. त्या दिवशी बसमध्ये चढता चढता तिने ताईच्या गळ्यातल्या गाठीचा रिपोर्ट मोठ्या डॉक्टरांना पाठवला. निदान तिला तसं वाटलं. गेला तो पालकांच्या ग्रुपवर.

लक्षात आल्याबरोबर तिने तो पुसला, पण तोवर बोभाटा झाला होता. संध्याकाळी ताईला धीर द्यायला फोनवर फोन. एक आजोबा तर धीर देता देता स्वतःच रडू लागले आणि ताईलाच त्यांची समजूत घालावी लागली.

"सगळं नक्की कळलं की आईला मी सांगणार होते," ताई म्हणाली. "तिला ते शेजारणीने सांगितलं."

डॉक्टरांनी आवाज चढवायला मनाई केली होती. त्यामुळे तिला रागही हळूच काढावा लागत होता. चूक झाली एवढंच धाकटी म्हणाली. बसच्या गर्दीची सबब तोंडापर्यंत आली होती, ती तिने गिळली.

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला. तिथल्या स्वागतिका बाई फटकळ होत्या.

"अहो, रिपोर्ट असे मेसेजवर कशाला पाठवता? आम्ही लिंक देतो, तिथे टाका. दोन दिवसांत ती आपोआप बंद होते. फाईलला पासवर्ड लावा आणि तो मला फोनवर तोंडी सांगा. कुलपाला किल्ली अडकवूनच ठेवली, तर कुलूप हवं कशाला?"

धाकटी फोन घेऊन ताईकडे गेली. "तू बघितल्याशिवाय काही पाठवणार नाही."

ताईने घुश्श्यातच चष्मा लावला. "ही जुन्या आजारपणाची पानं कशाला? त्यांना फक्त गळा बघायचाय." ती पानं काढली. "आणि पासवर्ड माझी जन्मतारीख ठेव."

"ती अख्ख्या क्लासला पाठ आहे. दरवर्षी केक आणतात."

ताईला हसू आवरलं नाही. मग दोघींनी डोकं लढवून एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले शब्द जुळवले. धाकटी अगदी गंभीरपणे फोनवर सांगत होती, "कावळा... कात्री... बादली... हो, बादलीच," आणि ताई तोंडावर पदर धरून बसली होती.

डॉक्टरांचा निरोप आला: गाठ साधी आहे, छोटी शस्त्रक्रिया, मग काही आठवडे मौन. आईला ही बातमी ताईने स्वतः सांगितली, मांडीवर डोकं ठेवून.

पालकांना काय सांगायचं तेही ताईनेच ठरवलं. दोन ओळी लिहून तिने फोन धाकटीपुढे सरकवला. "घे, तूच पाठव."

"मी?"

"मग काय, दुसरी बहीण आणू?"

मौनाच्या दिवसांत क्लास बंद पडला नाही. धाकटी पेटीवर सूर धरून बसायची, मुलं गायची आणि ताई कोपऱ्यातल्या खुर्चीतून नुसत्या भुवयांनी त्यांच्या चुका काढायची. रडलेले आजोबा नातीला सोडायला म्हणून यायचे आणि शेवटपर्यंत थांबायचे.