काळ्या रंगाखालचा तडा

"डायवर दारू पेला व्हता असं तू सांगू नको," हिंमतराव मोटारीशी वाकून म्हणाले. "ते मी सांगतो. तू फक्त एवढं म्हण, का गाडीत खोट नाई."

कडूबा मिस्तरी मोटारीखाली गोणपाटावर उताणा पडला होता आणि बाहेर त्याची नुसती पावलं दिसत होती. त्यातल्या उजव्या पावलाचा अंगठा एकदा हलला आणि थांबला. कडूबाला वीस वर्षं ओळखणारा माणूस त्या अंगठ्यावरून सांगू शकला असता, की आत काहीतरी घाण सापडली आहे.

चिखलीत माझं पानतंबाखूचं दुकान कडूबाच्या कारखान्यासमोरच होतं. कारखाना म्हणजे चार बल्ल्या, वर पत्रे आणि खाली ऑइलने काळी झालेली जमीन. त्यामुळे हे सगळं मी पाहिलं. पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. अजून आठवलं की तोंडातल्या पानाची चव जाते.

महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती. नव्या पंचायत समित्या निघाल्या होत्या आणि हिंमतराव त्यात निवडून आले होते. निवडून आल्यापासून त्यांच्या धोतराला इतकी खळ असायची, की ते खुर्चीतून उठायच्या आधी धोतर उठून उभं राहायचं. मोटार त्यांनी एका साहेबाकडून घेतली होती. साहेब देश सोडून गेला तो या मोटारीला कंटाळून, असं माझं मत आहे. तिचा हॉर्न वाजला की शाळा सुटली असं समजून मास्तर घरी जायचे. पण तिच्या पुढच्या निकेलच्या बंपरला मात्र हिंमतराव जीव लावत. रोज सकाळी गडी तो चिंच आणि राखेने घासायचा. त्यात बघून मी स्वतः दाढी केलेली आहे, तीही मोटार चालू असताना.

तर चार दिवसांपूर्वी ही मोटार डोणगावहून येताना सरळ रस्ता सोडून तुरीत घुसली होती. आत हिंमतरावांच्या पत्नी रुक्मिणीबाई होत्या. त्यांना लागलं नाही, दोन्ही हातांतल्या बांगड्या तेवढ्या फुटल्या. चालवत होता निवृत्ती, त्यांचा ड्रायव्हर आणि कडूबाचा जुना दोस्त. हिंमतरावांनी त्याच संध्याकाळी आपल्या खेड्यात आणि दुसऱ्या दिवशी चिखलीच्या पेठेत सांगून टाकलं, की निवृत्ती प्यालेला होता. चहासुद्धा बशीत ओतून दहा वेळा फुंकणारा माणूस हा. पण ड्रायव्हरच्या नावाला दारू चिकटली की जिल्ह्यात कोणी त्याच्या हातात चाक देत नाही, मग तो प्यालेला असो की नसो. आठ वर्षांत निवृत्तीनं त्या गाडीखाली कोंबडीचं पिल्लूसुद्धा येऊ दिलं नव्हतं. आता तो टोपी हातात घेऊन बल्लीला टेकून उभा होता आणि कडूबाच्या पावलांकडे पाहत होता. सगळं त्या पावलांचा मालक काय बोलतो यावर होतं.

आणि तिथेच खरी घाण होती. ती कडूबाला ठाऊक होती आणि मला ठाऊक होती.

पोळ्याच्या आधी हिंमतरावांचा बुलडाण्याला सत्कार होता. सकाळी नऊला गाडी कडूबाच्या दारात, अकराला सत्कार. निवृत्ती तेव्हाच कडूबाला म्हणाला होता, की चाक फिरवलं की आधी स्टेअरिंगचा डबाच हलतो, मग पुढची चाकं वळायचा विचार करतात. डबा खोलून पाहा. डबा सांगाड्याच्या ज्या पोकळ लोखंडी पट्टीवर तीन बोल्टांनी बसतो तिला बोल्टाच्या भोकापासून तडा गेला होता. नीट काम करायचं तर तीन दिवस लागले असते. हिंमतराव घड्याळ दाखवत होते. कडूबानं तड्यावर वरच्यावर वेल्डिंगचा टाका मारला आणि तो दिसू नये म्हणून वर काळा रंग फासला. म्हणाला, दोन महिने जाईल. रंग माझ्या दुकानाच्या पाटीचा उरलेला होता. रंगाचा डबा मीच नेऊन दिला होता, वर ब्रशसुद्धा.

कडूबा बाहेर आला. हात पुसले. रांजणातून पाणी घेतलं, प्याला नाही, चूळ भरून टाकली. बाजाराचा दिवस होता. माझ्या दुकानापुढे वीसेक माणसं सुपारी कातरत उभी होती. रुक्मिणीबाई बांगड्या भरायला म्हणून आल्या होत्या, त्या माझ्या बाकावर बसलेल्या. हिंमतराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हं, मिस्तरी. सांग."

मला वाटलं, कडूबा मान हलवेल. इतकं सोपं होतं. त्याला खोटंसुद्धा बोलायचं नव्हतं, नुसती मान हलवायची होती. हिंमतरावांच्या हातात आता समितीची जीप होती, पाणीपुरवठ्याची इंजिनं होती. मान हलवणाऱ्याला वर्षभर काम पुरलं असतं. आणि खरं सांगायचं तर त्याने मान हलवावी असंच मला वाटत होतं. रंग माझा होता ना.

"गाडीत खोट हाये," कडूबा म्हणाला. "अन् ती माही हाये."

हिंमतरावांना वाटलं मिस्तरी दोस्तासाठी नाटक करतो आहे. ते हसले. त्यांच्यामागे बाजार हसला. मोठा माणूस हसला की न समजताही हसणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही.

कडूबानं सत्काराच्या सकाळपासूनचं सगळं सांगितलं. निवृत्तीनं काय सांगितलं होतं, आपण काय केलं नाही, टाका कसा मारला, रंग कसा लावला. रंग कोणाचा ते मात्र त्याने सांगितलं नाही. मी पानाला चुना लावत राहिलो. लावता लावता पान फाटलं.

"तडा रंगाखाली वाढत गेला," तो म्हणाला. "आता डबा एकाच बोल्टावर हाये. निवृत्तीनं चाक फिरवलं, डबा फिरला, गाडी नाई फिरली. कोनाले पटत नसल तं खाली येऊन पाहा."

हिंमतरावांनी धोतराकडे पाहिलं. मग जमिनीकडे पाहिलं. मग म्हणाले, की मी कशाला खाली जाऊ, मी काय मिस्तरी आहे.

बाजारातलंही कोणी पुढे झालं नाही. ज्यांनी निवृत्तीच्या तोंडाचा वास शपथेवर सांगितला होता, तेही नाहीत. तेवढ्यात बाकावरून रुक्मिणीबाई उठल्या. त्यांनी पदर कमरेला खोचला, कडूबाला म्हणाल्या, "सरक," आणि त्या ऑइलच्या जमिनीवर, त्या गोणपाटावर, नऊवारीसकट मोटारीखाली गेल्या.

बुलडाणा जिल्ह्याच्या इतिहासात असं कधी झालं नसेल. बाजारात इतकी शांतता पसरली, की पलीकडच्या गल्लीतल्या शेळीला वाटलं ती बहिरी झाली. हिंमतरावांचं तोंड आधी लाल झालं, मग त्याला कुठलाच रंग राहिला नाही. ते दातांत म्हणाले, "बाहेर या." त्या आणखी वीतभर आत सरकल्या. कडूबा पुढच्या चाकाशी गेला आणि त्याने निवृत्तीला स्टेअरिंग हलवायला सांगितलं.

"हललं," खालून आवाज आला. "पुना हलवा." मग थोड्या वेळानं, "डबाच हलून राह्यला. पुढचं चाक जागचं नाई हललं."

त्या बाहेर आल्या तेव्हा पाठ काळी झाली होती आणि कपाळाला ग्रीस लागलं होतं. हातात दोराचा एक पिंजलेला तुकडा होता. अंबाडीचा. तो त्या तड्यात अडकला होता. हे काय, असं त्यांनी कडूबाला विचारलं.

कडूबा सांगायला तयार नव्हता. पण त्या वाट पाहत उभ्या राहिल्या. मग त्याने सांगितलं, की मोटार काळ्या मातीत फसली की तिला बैल जुंपून काढतात. दोर बंपरच्या मागच्या दांड्याला बांधायचा असतो. इथे तो स्टेअरिंगच्या डब्याला बांधत आले आहेत. दोन बैलांचं बळ दर खेपेला त्या तीन बोल्टांवर.

"तिथं बांधाले कोनं सांगतलं?" रुक्मिणीबाईंनी विचारलं. विचारलं कडूबाला, पण पाहिलं नवऱ्याकडे. "बंपरले चरे पडतात म्हून कोन वरडत व्हतं?"

त्यांनी तो दोराचा तुकडा बंपरवर ठेवला, अगदी त्या चकचकीत भागावर, आणि पुन्हा बाकावर जाऊन बसल्या.

इथे गोष्ट संपायला हवी होती. एखाद्या भल्या जिल्ह्यात संपलीही असती. हिंमतरावांनी रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, बरं, गाडी दुरुस्त कर, मजबूत कर. मग निवृत्तीकडे न बघता म्हणाले, "तुह्या जागी इंद्रभान येऊन राह्यला जळगाव जामोदहून. त्याले मी कवाचा शब्द देल्ला."

इंद्रभान त्यांचा चुलतभाऊ. निवडणुकीत त्याने तीन महिने भोंगा वाजवला होता. म्हणजे निवृत्तीची जागा तुरीत घुसायच्या आधीच गेलेली होती. तूर नसती तर हरभरा सापडला असता. दारूची गोष्ट उगाच नव्हती काढली, आठ वर्षं राबलेल्या माणसाला विनाकारण काढलं असं कोणी म्हणू नये म्हणून काढली होती. हे कळल्यावर बाजारानं काय केलं? सुपारी संपली होती, लोक पांगले. मी उरलेल्या रंगाचा डबा फळीखाली सरकवला.

पुढचे तीन दिवस कडूबानं दुसऱ्या कामाला हात लावला नाही. लावायला दुसरं कामही आलं नाही. ज्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं की मी तडा झाकला, त्याच्याकडे गाडी कोण देणार? जे झाकतात आणि सांगत नाहीत, त्यांच्याकडे गेले सगळे. त्याचा हात मोटारींवरून गेला तो कायमचा. पुढली पंधरा वर्षं तो विहिरीवरची इंजिनं आणि सायकली करत होता.

पण ते काम मी पाहिलं आहे. त्याने डबा उतरवला. स्वतःचा टाका छिन्नीने उडवला, आणि उडवताना अशा शिव्या दिल्या की ऐकणाऱ्याला वाटावं हिंमतरावांना चालल्या आहेत. तडा जिथे संपत होता तिथे बारीक भोक पाडलं, म्हणजे तो पुढे पळत नाही. मग तडा उघडून मुळापासून भरला. पट्टीच्या आतून दीड वीत लांब जाड लोखंडी पाटा लावला आणि लालभडक तापवलेले रिव्हेट ठोकून बसवला. पट्टी आतून पोकळ होती, बोल्ट आवळले की ती दबत होती, म्हणून प्रत्येक बोल्टाला आतून नळीचा तुकडा घातला. पुढच्या बाजूला दोर बांधायला वेगळी कडी केली. निवृत्ती भाता मारत होता, हातोडा धरत होता. मी काळा रंग देऊ का म्हणून विचारलं, तेव्हा कडूबा नुसता माझ्याकडे पाहत राहिला. मी दुकानात परत आलो.

चौथ्या दिवशी हिंमतरावांचा निरोप आला. इंद्रभानला यायला अजून आठवडा लागेल. तोवर निवृत्तीनंच गाडी घरी आणून लावावी.

कडूबा इतका संतापला की पाना फेकून दिला. "दारुड्या म्हणते, अन् गाडी आणाले त्यालेच बलावते. तू जाऊ नको बे. सडू दे इथंच."

"म्या आणली," निवृत्ती म्हणाला. "म्याच नेऊन ठेवतो."

मग कडूबाही बसला, स्वतःचं काम रस्त्यावर पाहायचं म्हणून. मीही बसलो. दुकान बंद केलं, माझ्या आयुष्यात भर दुपारी पहिल्यांदाच. गाडी अशी चालली की मला वाटलं साहेबानं पुन्हा मागायला यावं. बोटभर चाक फिरवलं की बोटभर गाडी वळत होती. गावाजवळच्या खड्ड्यांच्या वळणावर निवृत्तीनं एका हातानं वळवली आणि कडूबाकडे एकदा पाहिलं.

हिंमतराव ओसरीवर चार माणसांत बसले होते. समितीची चर्चा चालली होती. त्यांनी आमच्याकडे बघितलं, बोटानं गोठ्याशेजारची गाडीची टपरी दाखवली आणि परत चर्चेत शिरले. रुक्मिणीबाई दारात आल्या. त्यांच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. त्यांनी निवृत्तीला चहा घेऊन जायला सांगितलं. तो म्हणाला, आता उशीर होतो, आणि दोन्ही हात जोडले. त्यांनी पुन्हा आग्रह केला नाही. चौकट धरून तशाच उभ्या राहिल्या.

टपरी अरुंद होती. गाडी आत घालताना निवृत्तीला चाक पुरतं फिरवावं लागलं. तो उतरला, दार लावलं, आम्ही तिघं फाटकापर्यंत आलो. तिथे तो थांबला. वळून पाहिलं. गाडीची पुढची चाकं तिरपी राहिली होती. तशी उभी ठेवली की सगळा ताण डब्याच्या बोल्टांवर राहतो. इंद्रभान येईपर्यंत आठवडाभर तो ताण राहिला असता, आणि पुढे त्यालाही हे सुचेल की नाही कोण जाणे.

तो परत गेला. दार उघडून आत बसला. इंजिन सुरू केलं, गाडी वीतभर पुढे, वीतभर मागे घेतली, चाकं सरळ होईपर्यंत. मग इंजिन बंद केलं, किल्ली ओट्याच्या कडेला ठेवली आणि आमच्या पुढे होऊन चिखलीच्या रस्त्याला लागला.