चार बोटं कापड

गिऱ्हाईक ट्रायल घेऊन गेलं की आरशामागेही एकदा डोकावून बघणारा माणूस तो. शिंपीबुवांना संशयाला कारण लागत नसे. या वेळी मात्र कारण पांढऱ्या शर्टावर लख्ख दिसत होतं. दुसऱ्या काजाशेजारी रक्ताचा ठिपका. काज करताना बायकोने सुई बोटात खुपसून घेतली होती आणि तिला पत्ताच नव्हता.

"दुखलं नाही?"

"काय?" म्हणत तिने बोटाकडे पाहिलं, जणू ते शेजारणीचं होतं.

वजन कमी करायला तिच्या पोटाची शस्त्रक्रिया होऊन दीड वर्ष झालं होतं. पोट आता इवलंसं. जेवणातून पुरेसं मिळणार नाही, गोळ्या जन्मभर घ्यायच्या आणि दर तीन महिन्यांनी रक्त तपासून आहारतज्ज्ञ बाईंना भेटायचं, असं डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून बजावलं होतं. तारीख आली की ती छान तयार होऊन जायची, दोन तासांनी परतायची आणि "बाई खूश आहेत," एवढंच सांगायची.

इकडे केस मूठमूठ गळत होते, जिना चढताना कठडा सुटत नव्हता. मग बाई खूश कशावर होत्या? बुवांनी गुपचूप दवाखान्यात फोन लावला.

"नऊ महिने झाले, त्या आल्याच नाहीत हो," आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या. "फोनही उचलत नाहीत. हात बधिर होतात म्हणता? मग आजच आणा. उशीर झाला तर नसा पूर्ण सुधारतीलच असं नाही."

बुवांनी फोन ठेवला. पण स्वभाव तो स्वभाव. नसांच्या आधी मनात आलं, नऊ महिने नटूनथटून ही जात होती कुठे? स्वतःचीच लाज वाटली, तरी विचारलंच.

"बागेत बसते," ती म्हणाली.

"आणि गोळ्या?"

"कपाटात. सील फोडलेलं नाही."

"का पण? मी काय कमी केलं तुला?"

ती उठली आणि आपला निळा ड्रेस आणून तिने टेबलावर उलटा टाकला. शस्त्रक्रियेनंतर बुवांनीच तिचे सगळे कपडे आत घेऊन लहान केले होते. दोन्ही कडांच्या शिवणीत चार-चार बोटं कापड दुमडून ठेवलेलं होतं.

"सगळ्या कपड्यांत आहे. मी पुन्हा फुगणार, हे तुम्ही आधीच शिवून ठेवलंत. मग दोन किलो वाढले. म्हटलं, झालं यांचं खरं. आता कुठल्या तोंडाने जाऊ काट्यावर उभी राहायला?"

"अगं, थोडं कापड सगळ्यांच्याच..." बुवा बोलता बोलता थांबले. सगळ्यांच्या कपड्यांत ते दोन बोटं ठेवत. चार फक्त हिच्या.

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना स्वतःच्या संशयाची भीती वाटली. त्यांनी मोठी कात्री उचलली आणि शिवणीलगत सरळ चालवली.

"अहो! वाढले तर?"

"तर नवा शिवीन. दुकान कुणाचं आहे?"

निळी पट्टी खाली पडली. ती वाकली, पट्टी उचलली आणि घाबरून हात त्यांच्यापुढे धरला.

"बघा ना, पट्टी आहे का हो माझ्या बोटांत? कळतच नाही."

"आहे. चल, आजच दवाखान्यात," बुवा म्हणाले आणि भरदुपारी दुकानाचं शटर ओढायला उठले.